बाटलीवर गावाचे नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत नुकताच वाइन पर्यटनाविषयी एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. त्यात गंगापूर धरणाच्या काठावरची सायंकाळ, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या, हॉटेलांच्या भरलेल्या खोल्या आणि स्थानिक तरुणांना मिळालेला रोजगार या सर्वांची चांगली नोंद घेतली आहे. मात्र ज्या जमिनीत ही द्राक्षे पिकतात त्या जमिनीचा, त्या गावाचा आणि ती पिकवणाऱ्या माणसाचा उल्लेख संपूर्ण लेखात एका ओळीनेही आलेला नाही. याचा दोष मी लेखकाला देत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवरच ही माहिती नसते. या उणिवेबद्दल मला काही सांगायचे आहे, आणि ते सांगताना थोडे दूरचे एक उदाहरण द्यायचे आहे. म्हणून पत्र लांबले तर क्षमा असावी.

दिंडोरी तालुक्यात, रामशेजचा किल्ला समोर दिसतो अशा एका मुरमाड उतारावर आमची सहा एकर बाग आहे. तीन एकरांत थॉमसन ही खायची द्राक्षे आणि तीन एकरांत कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही वाइनची काळी द्राक्षे. वाइनच्या द्राक्षांची लागवड आम्ही २००४ साली केली. माझे वडील माळकरी होते. वाइन तर सोडाच, सुपारीचे खांडही त्यांनी कधी तोंडात टाकले नाही. त्यामुळे लागवडीचा विषय त्यांच्याकडे कसा काढावा, याची मला चार दिवस धास्ती होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पाणी किती लागेल?” थॉमसनपेक्षा कमी लागेल, असे सांगितल्यावर ते उठले आणि माळाचा कोणता तुकडा त्यासाठी घ्यायचा हे स्वतः चालत जाऊन दाखवले. वरचा, दगडगोट्यांचा, ज्यात बाजरीही धड येत नसे, तो तुकडा त्यांनी निवडला. ती निवड किती अचूक होती, हे मला पुढे अनेक वर्षांनी आणि फार दूरच्या एका डोंगरावर उभे राहिल्यावर उमगले.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे अमेरिकेत क्युपर्टिनोला गेलो होतो. बाग हा माझा विषय असल्याने तिने एका शनिवारी मला जवळच्या सांताक्रूझ पर्वतराजीतील माँटे बेल्लो नावाच्या डोंगरधारेवर नेले. गावातून निघालेला रस्ता आधी एका लहान धरणाच्या कडेने जातो आणि मग वळणे घेत घेत झाडीतून वर चढतो. माथ्याजवळ, सुमारे २६०० फुटांवर, रिज व्हिनयार्ड्सची जुनी वायनरी आहे. खाली पाहिले तर संगणकाच्या जगाची राजधानी समजले जाणारे ते सगळे खोरे आणि त्यापलीकडे उपसागराचे पाणी दिसते; मागच्या बाजूला जेमतेम पंधरा मैलांवर प्रशांत महासागर आहे, आणि तिथून येणाऱ्या गारव्यामुळे द्राक्षे सावकाश पिकतात. मी मात्र आधी खाली वाकून माती पाहिली. हिरवट दगडाच्या चुऱ्यात मिसळलेले चुनखडीचे पांढरे तुकडे हाताला लागले. आमचा काळा कातळ आणि त्याचा मुरूम वेगळा, हा दगड वेगळा. पण पाणी झटकन खाली सोडून देणारी, वेलीला फार लाड न करणारी जमीन ओळखायला बागायतदाराला भाषांतरकार लागत नाही.

या बागेचा इतिहास मी तिथे ऐकला आणि नंतर वाचलाही. तो इथे थोडक्यात द्यावासा वाटतो, कारण माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकीय व्यवसाय करणारे ओसेआ पेरोने हे मूळचे उत्तर इटलीचे डॉक्टर. त्यांनी १८८५ साली या धारेच्या माथ्याजवळ १८० एकर जमीन घेतली, उताराला ताली घालून वेली लावल्या आणि तिथलाच चुनखडीचा दगड वापरून डोंगराच्या पोटात तीन मजल्यांची वायनरी बांधली. पहिला हंगाम निघाला तो १८९२ साली, म्हणजे जमीन घेतल्यापासून सात वर्षांनी. पुढे १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी आली आणि डोंगरावरच्या बागा हळूहळू ओस पडल्या. १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट नावाच्या एका धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने पेरोने यांच्या जमिनीच्या खालच्या अंगाची पडीक बाग विकत घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिच्या काही तुकड्यांत कॅबर्ने सोव्हिन्यॉन नव्याने लावली. १९५९ साली ती जागा स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डेव्ह बेनियन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घेतली. हे सगळे इंजिनिअर होते. त्यांच्यातील चार्ली रोझेन यांनी पुढे स्वतःच्या बुद्धीने वाट काढणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रमानवाच्या कामाचे नेतृत्व केले, ही गोष्ट माझ्या मुलीला बागेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटली. या मंडळींनी पहिल्या वर्षी शॉर्ट यांनी लावलेल्या वेलींपासून घरापुरती पाव पिंप वाइन केली. ती इतकी चांगली निघाली की १९६२ च्या हंगामापासून त्यांनी रीतसर परवान्याने वायनरी सुरू केली. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी सहकुटुंब डोंगरावर काम, अशी वर्षानुवर्षे मेहनत करून त्यांनी पडक्या ताली पुन्हा उभ्या केल्या आणि पंधरा एकरांची बाग पंचेचाळीस एकरांवर नेली.

१९६९ साली पॉल ड्रेपर त्यांना येऊन मिळाले. ते तत्त्वज्ञान शिकलेले होते. वाइनच्या रसायनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. चिलीमध्ये एक लहान वायनरी चालवण्याचा अनुभव आणि जुन्या पद्धतींचा अभ्यास एवढ्या शिदोरीवर त्यांनी २०१६ पर्यंत या बागेची वाइन घडवली. बाहेरचे यीस्ट न घालता द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात आपोआप असणाऱ्या यीस्टनेच रस आंबू द्यायचा, आणि मुरवण्यासाठी उघड्या हवेत वाळवलेल्या अमेरिकन ओकच्या लाकडाची पिंपे वापरायची, ही त्यांची रीत. माँटे बेल्लो ही मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यॉनची वाइन. तिच्यात हंगामानुसार मर्लो, पेटी व्हर्दो आणि कॅबर्ने फ्रँक या द्राक्षांच्या वाइनही मिसळतात. बागेच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी आंबवतात, नंतर कोणत्या तुकड्याची आहे हे न सांगता चाखतात आणि मगच कोणता तुकडा माँटे बेल्लोत घ्यायचा ते ठरते. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखल्या, तेव्हा माँटे बेल्लोच्या १९७१ सालच्या वाइनला लाल वाइनमध्ये पाचवा क्रमांक मिळाला. बरोबर तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जुन्या लाल वाइन पुन्हा चाखण्यात आल्या आणि या वेळी तीच १९७१ ची माँटे बेल्लो पहिली आली. पस्तीस वर्षे बाटलीत राहून जी वाइन इतरांच्या पुढे जाते, तिच्यात त्या थंड, चुनखडीच्या डोंगराचा वाटा किती असेल, याचा विचार मी परतीच्या विमानात करत होतो.

आता मुद्द्यावर येतो. या बागेचे मालक डॉक्टर होते, मग धर्मशास्त्राचे अभ्यासक झाले, मग इंजिनिअर झाले, आणि १९८० च्या दशकात ती जपानमधील ओत्सुका कंपनीकडे गेली. एवढ्या उलथापालथीत डोंगराचे नाव मात्र बाटलीवर टिकले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या वायनरीने स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या बागांची द्राक्षे विकत घेतली, तेव्हाही त्या बागांची आणि ठिकाणांची नावे बाटलीवर ठळक छापली. १९६६ पासून त्यांची गायझरव्हिल या नावाची झिनफँडेल द्राक्षांची वाइन निघते. १९७२ साली लिटन स्प्रिंग्स नावाच्या बागेची वाइन निघाली आणि ती बाग त्यांनी विकत घेतली १९९१ साली. म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे दुसऱ्याच्या बागेचे नाव ते आपल्या बाटलीवर लावत होते. २०११ च्या हंगामापासून तर बाटलीत काय काय आहे याची यादीही ते मागच्या लेबलवर देतात. मी ते लेबल मुलीकडून वाचून घेतले. हाताने खुडलेली द्राक्षे, बागेतलेच यीस्ट, पिंपातून उतरलेला ओक, लागेल तेवढेच गंधक. बागेचे नाव, हंगामाचे वर्ष, कोणत्या जातीचे द्राक्ष किती टक्के, हे सगळे त्या तळहाताएवढ्या कागदावर मावले होते.

आपल्याकडचा इतिहास लहान आहे, पण नगण्य नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ वाइन करण्याचे धाडस केले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या आपल्या जमिनीत सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींची द्राक्षे लावून सुला या वायनरीची सुरुवात केली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. सामंत हेही स्टॅनफर्डचे इंजिनिअर, हा योगायोग मला माँटे बेल्लोच्या माथ्यावर आठवला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत दिंडोरी, निफाड, नाशिक आणि इगतपुरी या तालुक्यांत वायनरी उभ्या राहिल्या. सांजेगावच्या परिसरात मुकणे धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या बागा आज कोणी पाहिल्या तर हा प्रदेश वाइनसाठीच घडला आहे असे त्याला वाटेल. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही सर्व कमाई मोठी आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

तरीही ज्या काळात या उद्योगाला पहिला मोठा धक्का बसला, त्या काळाची आठवण आम्हा बागायतदारांना अजून टोचते. २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, वाइनचा खप घसरला आणि वायनरींच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २०१० च्या फेब्रुवारीत आमच्या बागेतल्या द्राक्षांची साखर २४ ब्रिक्सवर (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) पोहोचली होती. ज्या वायनरीशी आमचा करार होता, तिच्या माणसाने सोमवारी तोडा करा असे सांगितले. सोमवारी फोन केला तेव्हा गुरुवार सांगितला, आणि गुरुवारनंतर फोन उचलणेच बंद झाले. मजूर तीन वेळा येऊन परत गेले. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया, त्यामुळे ते खायच्या द्राक्षाच्या बाजारात चालत नाही आणि बेदाण्यालाही उपयोगाचे नाही. घेणारा एकच असतो आणि त्याने पाठ फिरवली की माल झाडावरच सुकतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बागेत शिरले की आंबूस वास येत असे आणि पायाखाली सुकलेले घड असत. कराराचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. आमच्या गावात त्या वर्षी बऱ्याच जणांनी वाइनच्या वेली कुऱ्हाडीने तोडल्या, काहींनी खुंट तोच ठेवून त्यावर थॉमसनची कलमे भरली. आम्ही मात्र बाग ठेवली, ती वडिलांच्या हट्टामुळे. “जागा नीट निवडलेली आहे, बाग राहू दे,” एवढेच ते म्हणाले होते.

तोडलेल्या त्या बागांमध्ये काही फार चांगल्या होत्या. आमच्या शेजारच्या गावात पूर्वेकडे उतरणारा, शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षांचा एक तुकडा होता. त्याच्या वाइनला मिरीसारखा तिखटपणा असे, असे त्या काळी आमच्याकडे येणारा एक वाइनमेकर मला नेहमी सांगायचा. आज तो तुकडा कोठे होता हे मी आणि आणखी दोघे-तिघे सांगू शकतील. ज्या बाटल्यांमध्ये ती वाइन गेली त्यांच्यावर कंपनीचे नाव होते, आणि ती कंपनी बंद पडल्यावर सगळेच पुसले गेले. माँटे बेल्लोची बाग दारूबंदीत ओस पडली तरी पुन्हा उभी राहिली, याचे एक कारण मला असे वाटते की ती कोठे होती, कोणी लावली आणि तिची वाइन कशी होती हे लोकांना ठाऊक होते. आमच्याकडे तीच आठवण राहत नाही.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या आमच्या जमिनी आतून एकसारख्या नाहीत, हे पर्यटकाला कळणार नाही, पण बागायतदाराला पक्के ठाऊक असते. तिकडे हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. आमची वेल कधी झोपत नाही, म्हणून आम्हाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर फळ छाटणी अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात आणि पीक एकच, थंडीच्या शेवटी. ऑक्टोबरची छाटणी आठ दिवस पुढे-मागे झाली तर फुलोऱ्यात पाऊस गाठतो आणि केवडा हा बुरशीचा रोग येतो, किंवा पक्वतेच्या वेळी उन्हाचा चटका वाढतो आणि आम्लता झपाट्याने उतरते. माझ्याच तीन एकरांत वरच्या मुरमाड भागातला मणी करवंदापेक्षाही लहान राहतो, बी चावली तर ती भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरीत आणि तपकिरी लागते. खालच्या बाजूला, जिथे काळी माती वाहून आली आहे, तिथे मणी फुगीर आणि बी बराच काळ हिरवी. एका बांधाच्या आत हा फरक असेल, तर दिंडोरी आणि इगतपुरी यांच्यात किती असेल? इगतपुरीकडे पावसाचा जोर आणि रात्रीचा गारवा वेगळा, निफाडची जमीन भारी, आमच्याकडे उतार आणि वारा. हे सगळे फरक ‘नाशिक’ या एका शब्दाखाली आज झाकले गेले आहेत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. ज्या वायनरी एखाद्या बागेची किंवा एका गावाची द्राक्षे वेगळी आंबवू शकतात, त्यांनी वर्षाला निदान एका तरी वाइनवर गाव, तालुका आणि हंगामाचे वर्ष छापावे, आणि बागायतदाराची संमती असेल तर बागेचे नावही द्यावे. यासाठी नवी माहिती गोळा करावी लागणार नाही. आम्ही माल घेऊन जातो तेव्हा काटापावतीवर आमचे नाव, गाव, द्राक्षाची जात, वजन, ब्रिक्स आणि तारीख असे सगळे लिहिलेले असते. ही माहिती टाकीच्या तोंडापर्यंत येते आणि तिथेच संपते. तिला लेबलपर्यंत पोहोचवायचे आहे. दहा गावांची द्राक्षे एकत्र करूनच स्वस्त आणि एकसारखी वाइन देता येते, हा वायनरींचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्या वाइनला मी हात लावा म्हणत नाही. पण करारावर घेतलेल्या द्राक्षांचे श्रेय बागायतदाराला का द्यावे, असे जर कोणी विचारत असेल, तर त्याने गायझरव्हिल आणि लिटन स्प्रिंग्सच्या बाटल्या पाहाव्यात. दुसऱ्याच्या बागेचे नाव लावल्याने त्या वायनरीचे काही कमी झाले नाही.

याचा एक लाभ आम्हा शेतकऱ्यांच्या बाजूचाही आहे. आज भाव ठरतो तो जात आणि साखर पाहून, त्यामुळे वजन वाढवण्याचा मोह आम्हालाही होतो, आणि खायच्या द्राक्षाच्या सवयीने कित्येक जण वाइनच्या वेलीवरही घड जास्त ठेवतात. बाटलीवर गावाचे नाव येणार असेल, तर घड विरळणी करताना हात वेगळा चालेल, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याच्या निर्णयावरून राज्यात वाद झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव भरपूर घेतले गेले. त्या वादात मी इथे शिरत नाही. मात्र ज्याच्या नावाने ही चर्चा झाली तो शेतकरी आणि त्याचे गाव कोणत्याही बाटलीवर दिसत नव्हते, ही गोष्ट मला त्या वेळी फार लागली.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. २००० नंतर नाशिक जिल्ह्यात कोणत्या गावात, कोणत्या उतारावर, कोणत्या जातीची वाइनची द्राक्षे लावली गेली आणि त्यांतील कोणत्या बागा आज उभ्या आहेत, याची माहिती वाचकांकडून मागवावी आणि ती क्रमशः छापावी. तोडलेल्या बागांचीही माहिती घ्यावी, कारण ती सांगणारी माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. माझ्या तीन एकरांचा गट क्रमांक, लागवडीचे वर्ष, खुंटाचा प्रकार आणि गेल्या चौदा हंगामांच्या तोड्याच्या तारखा मी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. शेजारच्या गावातील शिराझच्या त्या तुकड्याचा नकाशाही आठवून काढला आहे. आपल्या प्रतिनिधीने सांगितले, तर ती वही मी कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक